पत्रापुरती मुभा

जामखेड तालुक्याला समुद्र नाही, रेल्वे नाही, आणि बऱ्याच वर्षी पुरता पाऊसही नाही. बालाघाटच्या कडेला, बीड, धाराशिव आणि सोलापूर या तीन जिल्ह्यांच्या शिवेवरचा हा मुलूख. तरीही सोयरिकीच्या बैठकीत ‘मुलगा नेव्हीत ऑफिसर आहे’ असं कुणी म्हटलं की पुढची बोलणी सोपी होतात. पगार, क्वार्टर, कँटीन, पेन्शन यांची चौकशी होते. वर्षातले किती महिने तो पाण्यावर असतो, हा प्रश्न बहुधा मुलीच्या मनातच राहतो.

अशा सोयरिकींतून महाराष्ट्रात एक लेखन तयार झालं, ज्याची साहित्यात फारशी दखल नाही. साखरपुडा आणि अक्षता यांच्या मधल्या काळात, आणि मग लग्नाच्या पहिल्या काही वर्षांत, फौजेतल्या किंवा नौदलातल्या तरुणाने लिहिलेली पत्रं. दिवाळी अंकांत त्यांचा उल्लेख आलाच तर उसासा टाकून येतो: आता कोण लिहितं, मोबाइलने सगळं संपवलं, वाट पाहण्यातली गोडी गेली. हा उसासा अर्धवट माहितीवर बेतलेला आहे. कागद, शाई, पोस्टमनची वाट, सगळं खरं; पण या पत्रांचं मोल त्यात नव्हतं. ठरलेल्या नवऱ्यामुलाशी एकांतात चार वाक्यं बोलणंही जिथे मुलीला शोभत नसे, तिथे नोकरीतल्या दुराव्याने त्या दोघांना बोलण्याची मुभा मिळवून दिली. घरच्यांनी ती दिली, कारण लग्न घरच्यांनीच ठरवलं होतं. मुभेची हद्दही त्यांनीच आखली, आणि ती हद्द आजही जवळपास तिथेच आहे.

जामखेड तालुक्यातलं सर्वांत प्रसिद्ध लग्न चौंडीच्या मुलीचं. १७२५ साली माणकोजी शिंद्यांच्या घरी जन्मलेली अहिल्या आठ वर्षांची असताना, १७३३ मध्ये, मल्हारराव होळकरांची सून झाली. मुलगी मल्हाररावांनी पाहिली, त्यांनीच पसंत केली, अशी परंपरा सांगते. खंडेराव तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. १७५४ मध्ये कुंभेरीच्या वेढ्यात तो मारला गेला. त्या एकवीस वर्षांत स्वाऱ्यांवर असलेला नवरा आणि घरी असलेली बायको एकमेकांशी काय बोलले, याचा विचारही कुणाच्या मनात येत नाही. सासऱ्याने सुनेला राज्यकारभार शिकवला, हीच त्या लग्नाची गोष्ट म्हणून सांगितली जाते. इतिहासकार गो. स. सरदेसाईंनी १९३० नंतर पेशवे दफ्तरातले निवडक कागद ४५ खंडांत छापले. त्यांत स्वाऱ्या, वसुली, कर्जं आणि कुरबुरी यांची रेलचेल आहे. नवरा-बायकोचं आपसातलं बोलणं शोधायला गेलं तर हाती थोडंच लागतं.

त्याच तालुक्यात दुसऱ्या प्रकारचं लग्नही आहे. दिवाळी झाली की इथली आणि शेजारच्या बीडमधली गावं ऊसतोडीला निघतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता धरला जातो. मुलाचं लग्न लवकर उरकण्यामागे हा हिशेबही असतो. या जोडीला पत्राची गरजच पडत नाही. दोघं एकाच फडात, एकाच खोपीत, पहाटेपासून बरोबर. फक्त त्या बरोबर असण्यात बोलायला फुरसत नसते. नेव्हीतल्या लग्नाचं गणित नेमकं उलटं. कोयत्याच्या लग्नाला दुरावा परवडत नाही, आणि नेव्हीच्या लग्नाला सहवास. जोडप्याचं बोलणं किती व्हावं हे दोन्हीकडे मजुरीच्या आणि नोकरीच्या अटी ठरवतात; स्वभाव, प्रेम वगैरे गोष्टी त्यानंतर येतात.

नौदलातल्या पत्रांना एक गंमतीशीर शिस्त होती. पत्त्यावर नाव, हुद्दा, जहाजाचं नाव आणि ‘केअर ऑफ फ्लीट मेल ऑफिस, मुंबई’ एवढंच. जहाज आखातात असो की अंदमानात, खेड्यातून पत्र जायचं ते मुंबईलाच. तिथून ते जहाजाचा माग काढत पुढे जाई, आणि कधी दोन-तीन आठवड्यांची पत्रं एकाच बंदरात एकदम हाती पडत. म्हणून दर्यावर्दी घरांतली माणसं पत्रांवर क्रमांक घालत, म्हणजे रुसव्याच्या पत्राआधी समजुतीचं पत्र वाचलं जात नसे. जहाज कुठून कुठे चाललं आहे हे लिहायची सोय नाही. तरुण लेफ्टनंटकडे मग लिहायला उरतं काय? वॉर्डरूममधलं जेवण, समुद्र लागून पडून राहिलेला दिवस, रात्रपाळीची पहारेदारी, आणि स्वतः. गुप्ततेच्या नियमाने कित्येक अबोल पुरुषांना स्वतःविषयी लिहायला भाग पाडलं असणार. एरवी त्यांनी मुक्काम, हवामान आणि ‘इकडे सर्व क्षेम’ एवढ्यावर पत्र संपवलं असतं.

पण हे पत्र वाचणार कोण? १९७१ च्या जनगणनेत महाराष्ट्रात चार बायकांमागे जेमतेम एक साक्षर होती, आणि दुष्काळी तालुक्यांतल्या खेड्यांत तीही नसे. ज्या नववधूला वाचता येत नव्हतं तिचं पत्र दिराने, शाळेतल्या भाच्याने किंवा मास्तरांनी वाचून दाखवायचं. जिला वाचता येत होतं तिचंही पत्र आधी सासऱ्यांच्या हातात पडायचं. त्यामुळे लिहिणारा दोन वाचकांसाठी लिहायचा. वरच्या ओळींत वडीलधाऱ्यांना नमस्कार, जनावरांची चौकशी, मनीऑर्डर मिळाली का. आणि मग कुठेतरी मधोमध एखादं वाक्य, जे फक्त तिलाच कळावं. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधून येणाऱ्या हिंदी सैनिकांच्या पत्रांवर ब्रिटिशांनी सेन्सॉर बसवला होता आणि शिपायांनीही त्याला चकवा द्यायला आडवळणाची भाषा शोधून काढली होती. घरातल्या सेन्सॉरला चकवणं त्याहून अवघड, कारण त्याला घरातले सगळे संदर्भ ठाऊक असतात.

या पत्रांचं कौतुक करताना त्यांतल्या दुसऱ्या खोटीकडे डोळेझाक होते. पत्रातला माणूस हा माणसाचा निवडक भाग असतो, आणि दर्यावरचा अधिकारी ती निवड फार सफाईने करू शकतो. इंग्लंडच्या आरमाराचा सर्वांत नावाजलेला प्रेमिक होरेशियो नेल्सन. १७८५ मध्ये, पंचविशी नुकतीच ओलांडलेली असताना, वेस्ट इंडीजमधल्या नेविस बेटावर त्याची फॅनी निस्बेट या तरुण विधवेशी ओळख झाली. ‘बोरियस’ जहाजावरून त्याने तिला भरभरून पत्रं लिहिली आणि ११ मार्च १७८७ रोजी त्यांचं लग्न झालं. पुढे एमा हॅमिल्टन आली. एमाने त्याला लिहिलेली पत्रं त्याने जाळली. त्याने तिला लिहिलेली मात्र १८१४ मध्ये छापून बाजारात आली. बायकोला लिहिलेल्या पत्रांचा नीट संपादित संग्रह निघायला १९५८ साल उजाडलं. १८०१ च्या डिसेंबरात फॅनीने परत येण्याची विनवणी करणारं पत्र पाठवलं. ते तिला परत मिळालं, वर नेल्सनच्या मित्राच्या हातचा शेरा होता की हे चुकून उघडलं गेलं, पण वाचलेलं नाही. आर्जवी पत्रांनी सुरू झालेल्या संसारात शेवटी बायकोचं पत्र वाचण्याइतकीही गरज नवऱ्याला उरली नाही.

सगळीकडचं दफ्तर असंच लंगडं आहे. पुरुषाची पत्रं राहतात, कारण ती बायको जपून ठेवते. बायकोची पत्रं बदलीत, सामानाच्या आवराआवरीत, एका जहाजावरून दुसऱ्या जहाजावर जाताना हरवतात. ९ डिसेंबर १९७१ रोजी ‘आयएनएस खुक्री’ बुडाली तेव्हा १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. घरून आलेली पत्रं जहाजावर होती, ती जहाजाबरोबर गेली. घरी राहिली ती त्यांनी लिहिलेली.

मराठीत मात्र एक अपवाद असा घडला की त्याने सगळं चित्रच उलटं केलं. समुद्रापलीकडे गेली बायको, आणि किनाऱ्यावर राहिला नवरा. गोपाळराव जोशी टपाल खात्यातले कारकून. नऊ वर्षांच्या आनंदीशी त्यांचं लग्न झालं तेव्हा ते तिच्याहून वीसेक वर्षांनी मोठे होते. एप्रिल १८८३ मध्ये आनंदीबाई कलकत्त्याहून बोटीने निघाल्या, जूनमध्ये न्यूयॉर्कला पोचल्या, आणि मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून डॉक्टर झाल्या. मधल्या काळातली दोघांची पत्रं काशीबाई कानिटकरांनी १८८९ च्या चरित्रात वापरली, म्हणून ती आपल्यापर्यंत आली.

गोपाळरावांची पत्रं तिरकस, संशयी, मध्येच हळवी. बायकोने शिकावं म्हणून त्यांनी जग अंगावर घेतलं होतं, आणि ती शिकू लागताच ती हातची जाते की काय या धास्तीने ते तिला टोचून लिहीत. आनंदीबाई आधी समजूत घालतात, पेहरावाचा खुलासा देतात, खर्चाचा हिशेब देतात. आणि मग एका पत्रात त्या जे लिहितात ते त्या काळच्या मराठी स्त्रीने नवऱ्याच्या तोंडावर म्हटल्याचं दुसरं उदाहरण सापडणं कठीण. लहानपणी लाकडाच्या तुकड्यांनी बसलेला मार, अंगावर फेकलेल्या खुर्च्या आणि पुस्तकं, सोडून देण्याच्या धमक्या. हे सगळं त्या आठवून देतात, आणि ते वागणं चांगलं होतं की वाईट हे ठरवणं अवघड आहे, असं शांतपणे मांडतात. मुलीला त्या वयात बोलण्याचा हक्कच नसतो, नवऱ्याने जे करावं ते निमूट सोसावं लागतं, हेही त्यात येतं. कल्याणच्या किंवा अलिबागच्या घरात हे वाक्य तिच्या तोंडून निघणं शक्य नव्हतं. हजारो मैलांचं पाणी मध्ये आल्यावर ते निघालं. मात्र तिला ही संधी मिळाली ती नवऱ्याच्याच आग्रहामुळे, हे विसरता येत नाही. मुभा पुन्हा त्याच हातातून आली होती, आणि ती तिने देणाऱ्याच्या अपेक्षेपलीकडे वापरली.

चाळीसेक वर्षांनी आत्माराम रावजी देशपांडे, म्हणजे कवी अनिल, आणि कुसुमावती जयवंत यांनी स्वतःहून ही मुभा घेतली. लग्नाआधीचा त्यांचा पत्रव्यवहार १९७२ मध्ये ‘कुसुमानिल’ म्हणून छापला गेला. दोघांची पत्रं एकाच पुस्तकात शेजारी-शेजारी असणं हेच त्याचं मोठेपण. पण ते दोघंही कॉलेजात शिकलेले, वाङ्मयात रमलेले होते. जामखेडच्या एखाद्या मुलीला १९२५ मध्ये असं जगता आलं असतं का, हा प्रश्न त्या पुस्तकाला विचारणं अन्यायाचं होईल, तरी पडतो.

पत्राने लग्न जुळतं तसं मोडतंही, आणि याचा महाराष्ट्राला सर्वांत मोठा धडा नौदलाच्याच घरातून मिळाला. कमांडर कावस नानावटी ‘आयएनएस मैसूर’वर असत, महिनोन् महिने घराबाहेर. २७ एप्रिल १९५९ रोजी त्यांनी मुंबईत पत्नीचा प्रियकर प्रेम आहुजा याला गोळ्या घातल्या. त्यांच्या पत्नीने आहुजाला लिहिलेली पत्रं खटल्यात पुरावा म्हणून वाचली गेली. ज्युरीने आठ विरुद्ध एक मताने नानावटींना निर्दोष ठरवलं, उच्च न्यायालयाने जन्मठेप दिली, नोव्हेंबर १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली, आणि १९६४ मध्ये राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांनी माफी दिली. नानावटींची बाजू घेणाऱ्या ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या अंकांसाठी रांगा लागल्या. गणवेशातल्या नवऱ्याच्या एकटेपणाबद्दल सारं शहर हळहळलं. बंदरात वाट पाहणाऱ्या बायकोच्या एकटेपणाबद्दल फार थोडे बोलले. तिची पत्रं तिच्याविरुद्धचा पुरावा म्हणूनच लोकांना माहीत झाली.

आणि मोबाइल आल्यावर दर्यावरचा माणूस सुटला असं समजण्याचंही कारण नाही. फेसबुकवर सुंदर मुलींच्या खोट्या नावांनी नौसैनिकांशी सलगी करून माहिती काढल्याचं प्रकरण डिसेंबर २०१९ मध्ये उघड झालं. त्या महिन्याच्या अखेरीस नौदलाने जहाजांवर आणि तळांवर स्मार्टफोन आणि समाजमाध्यमांना बंदी घातली. पत्रातला माणूस निवडक असतो. इथे तर माणूसच नव्हता. आणि आता दर्यावरचा अधिकारी पुरुषच असेल असंही नाही: २०२३ मध्ये प्रेरणा देवस्थळी यांची ‘आयएनएस त्रिंकट’च्या कमांडवर नेमणूक झाली, आणि मे २०२५ मध्ये खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून १७ मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. किनाऱ्यावर थांबून पत्राची वाट पाहणाऱ्या नवऱ्याची सवय मराठी घरांना अजून व्हायची आहे.

इथवर बोलणं ठरलेल्या किंवा झालेल्या लग्नांतल्या पत्रांचं होतं. हद्दीच्या पलीकडे काय होतं ते सांगणारं पत्रही मराठीत आहे, आणि तेही बायकोने नवऱ्यालाच लिहिलेलं. २९ ऑगस्ट १८६८ रोजी सावित्रीबाई फुल्यांनी माहेरहून, नायगावहून, जोतीरावांना एक हकिगत कळवली. गणेश नावाचा एक ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचं प्रेम जमलं होतं, ती गरोदर होती. गावाने दोघांना धरून रस्त्यातून फरफटत मारायला नेलं. सावित्रीबाई मध्ये पडल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याची भीती घातली, आणि दोघांना जिवंत सोडवून जोतीरावांकडे पाठवून दिलं. आपल्या खुशालीची ओळ आणि दोन जिवांची सुटका एकाच कागदावर. मराठीतल्या नवरा-बायकोच्या पत्रांत याहून मोठं पत्र दाखवणं अवघड आहे.

जामखेडला अशी सुटका झाली नाही. २८ एप्रिल २०१४ रोजी तालुक्यातल्या खर्ड्याच्या १७ वर्षांच्या दलित विद्यार्थ्याचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलत होता म्हणून त्याला मारलं, असा आरोप होता. नोव्हेंबर २०१७ मध्ये अहमदनगरच्या सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. खर्ड्याचं नाव तोवर १७९५ च्या लढाईसाठी घेतलं जायचं, मराठ्यांनी निजामाला हरवलं म्हणून. खुनाच्या दोनच महिने आधी नागराज मंजुळ्यांचा ‘फँड्री’ महाराष्ट्रात लागला होता. त्यातल्या जब्याला वरच्या जातीतल्या शालूशी बोलायचं आहे आणि चित्रपट संपेपर्यंत ते जमत नाही. मंजुळ्यांचा करमाळा तालुका जामखेडला लागूनच आहे.

याच जामखेडने एका स्वतः ठरवलेल्या लग्नाला डोक्यावर घेतलं आहे. वेल्लोरच्या वैद्यकीय महाविद्यालयात एकत्र शिकलेले रजनीकांत आणि मेबल आरोळे १९६० मध्ये लग्न करून १९७० मध्ये इथे आले, खेड्यातल्या शिक्षण न मिळालेल्या बायकांना आरोग्यसेविका केलं, आणि १९७९ चा मॅगसेसे पुरस्कार दोघांना मिळून मिळाला. त्यांच्या लग्नात मराठी मुलगा आणि परप्रांतातली मुलगी आहे, ही गोष्ट कुणाला खटकल्याचं ऐकिवात नाही. ते डॉक्टर होते आणि गावच्या भावकीत नव्हते. गावाला बाहेरच्यांचं प्रेम चालतं. स्वतःच्या भावकीत, स्वतःच्या वाड्यात आणि वस्तीत ते आलं की चालत नाही.

कायदा याबाबतीत गावाच्या बराच पुढे आहे. मार्च २०१८ मध्ये शक्ती वाहिनी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की दोन सज्ञान व्यक्तींना लग्नासाठी कुटुंबाची, जातीची किंवा पंचांची संमती लागत नाही. पण कायदाही कधी कधी गावासारखा वागतो. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लग्न करायचं तर आधी नोटीस द्यावी लागते, ती कार्यालयाच्या फलकावर लागते, आणि तीस दिवसांत कुणीही हरकत घेऊ शकतो. दोन धर्मांतल्या जोडप्याने महिनोन् महिने लपूनछपून जपलेलं नातं सरकार स्वतः भिंतीवर चिकटवतं. नेव्हीतल्या मुलाचं घरच्यांनी ठरवलेलं लग्न मात्र मंगल कार्यालयात लागतं आणि नंतर नोंदवलं जातं. त्यासाठी महिनाभर आधी कुणाची हरकत मागवावी लागत नाही.

खर्ड्याच्या मुलाला यातलं काहीच लागू नव्हतं. तो सज्ञान नव्हता आणि लग्नाला निघालाही नव्हता. आरोप होता तो बोलण्याचा. त्या वयातल्या बोलण्याचा निवाडा घरात आणि शाळेत होतो, आणि खेड्यातल्या पद्धतीने तो लवकर होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीनुसार महाराष्ट्रात २० ते २४ वयाच्या सुमारे २२ टक्के बायकांचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं. शेजारच्या बीड जिल्ह्यात हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. ऊसतोड, हुंडा, गरिबी ही कारणं सगळे सांगतात. त्याबरोबर आईबाप दबक्या आवाजात आणखी एक सांगतात: मुलगी कुणाशी बोलायला लागली तर? दप्तरात चिठ्ठी सापडते किंवा फोनमध्ये अनोळखी नंबर दिसतो, आणि शाळा बंद होते, फोन काढून घेतला जातो, स्थळं पाहायला सुरुवात होते. आठ-पंधरा दिवसांत साखरपुडा उरकला की तोच फोन तिला परत मिळतो, आणि नवऱ्यामुलाशी जरा बोल, असं म्हणत घरचेच तिच्या मागे लागतात.